श्रीचं कार्ड आणि लाल दिवा

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागं एकदा हे सांगताना समोरच्याला ठसका लागला आणि सगळा चहा माझ्या लेंग्यावर आला. तुम्ही हसा, माझी हरकत नाही. मला मात्र या गोष्टीचं अजून हसू आलेलं नाही आणि आता या वयात येईल असं वाटतही नाही.

लोकांच्या फजित्या कशा असतात? लग्नातून कुणी दुसऱ्याचा जोडा घालून येतो, कुणी चुकीच्या एस.टी.त बसून भलत्याच गावाला उतरतो. चार दिवस हसतात आणि विसरतात. माझी फजिती कॉम्प्युटरनं केली. तीसुद्धा कोणत्या काळात? कॉम्प्युटर म्हणजे काय हे ठाऊक असलेली नगर जिल्ह्यातली माणसं जेव्हा एका टांग्यात मावली असती, टांगेवाल्याला धरून.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची सालं. माझं गाव पारनेरच्या अंगाला, सगळा आभाळाचा भरवसा. आभाळानं पाठ फिरवली तशी आमचा बाप, दोन्ही भाऊ, भावजया, सगळी खडी फोडायला गेली. मी मॅट्रिक झालो होतो, टायपिंगची परीक्षा दिली होती, म्हणून साखर कारखान्यात हंगामी कारकून होतो. कारखान्याचं नाव नका विचारू. तिथली माणसं अजून भेटतात.

उसाला पाणी नव्हतं, विहिरीत नव्हतं, प्यायला टँकर येत होता. आणि अशा वेळी आमच्या चेअरमन साहेबांनी कॉम्प्युटर आणला. मुंबईला कुठल्याशा कंपनीत त्यांनी तो बघितला होता. "आपल्याकडं बी पायजे," म्हणाले. झालं. त्या मशिनीसाठी एक खोली बांधली, तिला काचेची मोठी खिडकी केली आणि थंड हवेचं यंत्र बसवलं. त्या यंत्राच्या नळीतून बाहेर थेंब थेंब पाणी गळायचं. शिपायाची बायको सकाळीच तिथं कळशी लावून जायची. मला विचाराल तर त्या कॉम्प्युटर खोलीचा पहिल्या महिन्यात गावाला झालेला फायदा एवढाच.

त्या खोलीत आम्हा दोघांना घेतलं होतं. एक मी, दुसरा किसन. किसन राजूरकडचा, डोंगरातला गडी. बोलायचा कमी, जेवायचा भरपूर, आणि स्वभावानं इतका गरीब की त्याच्यावर रागावताही यायचं नाही. आमचं काम कार्डं छापायचं. आता कार्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच आहे. तेव्हाच्या कॉम्प्युटरला जे काही सांगायचं ते जाड कागदाच्या लांबट कार्डांवर भोकं पाडून सांगायचं. वर इंग्रजी अक्षरं उमटायची, खाली भोकं. अशा कार्डांचा वीतभर गठ्ठा म्हणजे एक प्रोग्राम. तो गठ्ठा मशिनीच्या तोंडात ठेवायचा, ती एकेक कार्ड वाचून पलीकडच्या ट्रेमध्ये टाकणार. सगळी कार्डं नीट वाचली की प्रोग्राम आत बसला. कुठं अडलं की लाल दिवा लागायचा आणि सगळं ठप्प.

मशीन चालू झाली की आम्ही दोघं परमनंट होणार, असं ठरलं होतं. नाही चालली तर मशीन परत आणि आम्हीही परत. मी ऊस वजनाच्या काट्यावर चिठ्ठ्या फाडायला, तेही ऊस असला तर.

आता तुम्ही म्हणाल, नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती. नोकरीचं दुःख कोण करतंय? गोष्ट सुमनची होती.

भिंगारला लष्कराच्या एका स्टोअरमध्ये तिचे वडील सिव्हिलियन स्टोअरकीपर होते. मी मुलगी बघायला गेलो ते नवा टेरिलिनचा शर्ट घालून. पहिल्या पगारात घेतलेला. पोहे आले, पाणी आलं, सगळं रीतीप्रमाणं झालं. तिनं मान वर करून मला फक्त एकदा विचारलं, "ती मशीन खरंच इचार करती का?" मी म्हणालो, "न्हाई, इचार आमालाच करावा लागतो." ती हसली. मी त्या हसण्यावर पुरता गेलो. खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी कार्ड छापायला बसलो की मला भोकं दिसायची नाहीत, ते हसू दिसायचं.

तिच्या वडलांना मी तेव्हाच मामा म्हणायला लागलो होतो. मामांचं सगळं आयुष्य माल मोजून घेण्यात आणि मोजून देण्यात गेलेलं. मिशा पांढऱ्या, आवाज परेड ग्राउंडवरचा. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, तुमी पसंत हाय. पण दिवस कसलं हायत बघताय न्हवं? हंगामी मानसाला मी लेक देनार न्हाई. आधी परमनंटची ऑर्डर, मग सुपारी."

म्हणजे बघा. मशीन चालली तर ऑर्डर, ऑर्डर आली तर सुपारी, सुपारी फुटली तर सुमन. माझं सगळं आयुष्य त्या लाल दिव्यावर येऊन टेकलेलं.

मशीन सुरू करायचा दिवस उजाडला. कंपनीनं पाठवलेले इंजिनिअर कामत हजर होते. कामत मुंबईचे, गोरे, सडपातळ, सदा घाईत. त्यांनी आदल्या दिवशी मशीन तपासून ठेवली होती, म्हणाले, "सगळं ओके आहे. सकाळी गठ्ठा ठेवायचा, बटण दाबायचं, पाच मिनिटांत प्रोग्राम आत." कारखान्यात साधा पंप बसवला तरी पूजा होते, तर ही पूजा केवढी! मशिनीला हार घातला, नारळ बाहेर पायरीवर फोडला. कामतांनी हळदीकुंकू मशिनीपासून हातभर लांब ठेवायला लावलं. फार काळजीचा माणूस.

गठ्ठा ठेवायचा मान माझा होता. मी तो हातात घेतला आणि माझ्या मनात आलं, याच्या डोक्यावर श्री नाही.

तुम्हीच सांगा, आपल्याकडं श्री घातल्याशिवाय कशाची सुरुवात होते? बाजारहाटाची यादी करायची तरी वर आधी श्री. माझ्या बापाला सहीपुरती अक्षरं येत होती, पण श्री मात्र झोकदार काढायचा. आणि इथं एवढं मोठं काम, माझ्या आयुष्याचं काम, आणि पहिल्याच कार्डावर नुसते परके आकडे. मला ते बघवेना. मी पटकन एक कोरं कार्ड घेतलं, इंग्रजी अक्षरांत का होईना, श्री छापलं, कपाळाला लावलं आणि गठ्ठ्याच्या वर ठेवलं. प्रोग्रामला हात लावला नाही हो. फक्त वर ठेवलं.

चेअरमन साहेबांनी बटण दाबलं. मशिनीनं एक कार्ड गिळलं, घर्र केलं, आणि लाल दिवा.

सगळ्यांचे डोळे दिव्याकडं. माझे ट्रेकडं. कारण ट्रेमध्ये श्रीचं कार्ड पडलं होतं आणि अडलेली कार्डं कामत टोपलीत फेकायचे. देवाचं नाव टोपलीत? खाली पडून पायदळी आलं तर? मी हळूच ते उचललं, डोळ्यांना लावलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. कुणाचं लक्ष नव्हतं. सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. घरून निघताना कपाळाला गंध लावलंय, असं कुणी साहेबाला सांगतं का?

चेअरमन साहेबांच्या गळ्यात हार तसाच. ते म्हणाले, "कामत साहेब, ह्यो दिवा कशाचा?"

"काहीतरी किरकोळ आहे. मी बघतो," कामत म्हणाले. त्यांच्या कानशिलावर, त्या थंड खोलीत, घाम आला होता.

त्यांनी गठ्ठा तपासला. एकेक कार्ड उजेडात धरून बघितलं. काही चूक नाही. मशीन उघडली, आतले ब्रश पुसले, बंद केली. माझ्याकडं गठ्ठा दिला, म्हणाले, "ठेवा परत." मी ठेवला. श्रीसकट. आधी एकदा कामाला लागलेलं कार्ड पुन्हा कसं वापरायचं, म्हणून या वेळी नवं छापलं. लाल दिवा. मी कार्ड उचललं, खिशात.

आता मला वाटायला लागलं, माझ्या भक्तीत काही कमी पडतंय. पुढच्या खेपेला श्रीच्या जोडीला खंडोबाचं एक कार्ड घातलं. तरी लाल दिवा. खंडोबा तर मशिनीनं वाचलासुद्धा नाही.

कामतांनी तारा केल्या, मुंबईहून दुसरा ताजा गठ्ठा मागवला. तो आला. त्याच्यावरही मी श्री घातला. नवा गठ्ठा म्हटल्यावर जास्तच नेमानं. लाल दिवा.

खरी वाईट गोष्ट पुढं आहे. एक दिवस मी भिंगारला गेलो, मामांना सांगायला की जरा उशीर होतोय. मामांनी एवढंच विचारलं, "मशीन चालंना, का तुमीच चालंना?" सुमन आतल्या दाराशी उभी होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं. परत आलो तर कारखान्याच्या फाटकातच किसन भेटला, तोंड एवढंसं करून.

"काय झालं रं?"

"मशीन चालली."

"चालली? आरं मग रडतोस का?"

"तू नव्हतास. मी गठ्ठा ठेवला. पयल्या झटक्याला चालली," किसन म्हणाला. "लई येळा चालवून बघितली. अडलीच न्हाई कुठं."

मी धावत खोलीत गेलो. कामतांनी आनंदानं चेअरमन साहेबांना बोलावलं. माझी नेमणूकच गठ्ठा ठेवायची, म्हणून गठ्ठा मी ठेवला, आणि एवढ्या आनंदाच्या प्रसंगी श्री विसरणं मला शक्य होतं का? लाल दिवा.

चेअरमन साहेबांनी माझ्याकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग माझ्या पायांकडंच बघत राहिले.

"पायगुन," ते म्हणाले.

नवरीचा पायगुण बघतात हे मला ठाऊक होतं. बैल विकत घेताना त्याचा बघतात. कारकुनाचा पायगुण बघितलेला मी जिल्ह्यातला पहिलाच असेन. कामत शिकलेला माणूस, ते म्हणाले, "साहेब, असं काही नसतं. सायन्समध्ये आधी कारण शोधायचं." मला त्यांचा आधार वाटला. मग त्यांनी मला खोलीत आत-बाहेर करायला लावलं. मी बाहेर, किसननं गठ्ठा ठेवला, मशीन चालली. मी आत, मी ठेवला, लाल दिवा. पुन्हा मी बाहेर, चालली. पुन्हा मी आत, लाल दिवा. कामत माझ्याकडं जरा भीतीनंच बघायला लागले.

मग एकदम त्यांची नजर माझ्या शर्टावर गेली. "टेरिलिन!" ते म्हणाले. "अहो, टेरिलिनमध्ये वीज साठते. स्टॅटिक! ती तुमच्या बोटांतून कार्डात जाते, कार्डातून मशिनीत."

मला तर हायसं वाटलं. पायगुणापेक्षा शर्ट वाईट असलेला बरा. शर्ट बदलता येतो.

पण कामत नुसत्या शर्टावर थांबणारे नव्हते. आता कसलीच जोखीम नको, म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझा शर्ट काढला, चपला काढल्या, आणि एक तांब्याची तार माझ्या घोट्याला बांधून तिचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला अडकवलं. अंगातली वीज जमिनीत जावी म्हणून. त्या थंडगार खोलीत मी बंडीवर, अनवाणी, वासरासारखा दाव्याला बांधलेला, शिंकतोय. काचेच्या खिडकीबाहेर अख्खा कारखाना लोटला होता. कळशी न्यायला आलेली शिपायाची बायकोसुद्धा थांबली आणि म्हणाली, "आगं बया, चावतोय का काय त्यो?"

ही बातमी भिंगारला पोचायला वेळ लागला नाही. तुमच्या जावयाला कारखान्यात बांधून ठेवलाय, अशी पोचली. मामांचा निरोप आला, "दसऱ्याला बॉयलर पेटवायच्या कार्यक्रमाला मी सोता येतोय. डोळ्यांनी बघतो, मग काय ते ठरवतो."

आणि मी तसा बांधलेल्या अवस्थेत गठ्ठा ठेवला. सांगायला नको, श्री होताच. लाल दिवा लागला. मी सवयीनं ट्रेमधून कार्ड उचललं, डोळ्यांना लावलं, खिशात ठेवायला हात छातीवर नेला.

खिसा नव्हता. शर्टच नव्हता.

बंडीवरच्या माणसानं हातातलं कार्ड ठेवायचं कुठं? मी ते धरून तसाच उभा राहिलो. कामत दिव्याकडून वळले आणि त्यांनी विचारलं, "ते काय आहे तुमच्या हातात?"

"काय न्हाई साहेब, श्री हाय," मी म्हणालो.

"काय आहे?"

"श्री. वर घालायचा. नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे? प्रत्येक वेळी?"

"न्हाई न्हाई," मी म्हणालो, त्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून. "एकदा खंडोबा बी घातल्ता."

कामत खुर्चीवर बसले. डोकं दोन्ही हातांत धरलं. मग अगदी हळू आवाजात त्यांनी मला समजावलं की मशीन पहिलं कार्ड हे हुकूम म्हणून वाचते. पुढची कार्डं कशी वाचायची, हे त्या पहिल्या कार्डावर लिहिलेलं असतं. तिथं दुसरं काहीही आलं की ती थांबते. देवाचं असो की दारूचं. त्यांनी माझी तार सोडली, स्वतः गठ्ठा ठेवला, आणि मशीन धडधडत चालली.

मला वाटलं, सुटलो. चूक कळली, संपली. पण कामतांनी हे प्रामाणिकपणे चेअरमन साहेबांना जाऊन सांगितलं आणि तिथं वेगळंच पेटलं.

"म्हंजे श्री काढल्यावर मशीन चालती?" चेअरमन साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"आन् श्री घातला की थांबती?"

"हो, पण त्याचं कारण—"

"कारन ऱ्हाऊ द्या. देवाच्या नावाला थांबनारी मशीन आमच्या कारखान्यात कशी चालंल? उद्या सभासद इचारतील, त्यास्नी काय सांगू? आमाला श्री पायजे. कसा घालायचा ते तुमी बघा, तुमी इंजिनिअर हाय."

मला कुणी ओरडलं नाही. देवाचं नाव घातलं म्हणून ओरडणार कोण? पण कामतांचे जे हाल झाले ते बघून मला रडू येईल असं वाटलं. शेवटी त्यांनी तोड काढली. प्रोग्रामच्या गठ्ठ्यावर श्री अजिबात नाही. पण प्रोग्राम आत बसला की त्याच्यामागून दुसरा गठ्ठा येतो, माणसांच्या नावांचा. त्या गठ्ठ्याचं पहिलं कार्ड मशीन न वाचताच ट्रेमध्ये टाकून देईल, असा बदल त्यांनी प्रोग्राममध्ये केला. म्हणजे तिथं श्री घाला, खंडोबा घाला, मशिनीला त्रास नाही. चेअरमन साहेब खूश झाले.

मी मात्र खूश नव्हतो. कारखान्यात माझं नावच श्री पडलं होतं. कॅन्टीनमध्ये गेलो की कुणीतरी म्हणायचं, "चहात श्री घातला का?" संडासाला निघालो तरी कुणी सोडत नव्हतं. किसनसुद्धा एकदा हसला आणि लगेच गप्प झाला, ते जास्त लागलं. मी मनाशी ठरवून टाकलं, देव देव्हाऱ्यात बरा. या मशिनीजवळ पुन्हा ते नाव काढायचं नाही.

दसरा आला. बॉयलरला झेंडूच्या माळा, वर्तमानपत्राचा माणूस, सगळे संचालक. उसाचं चिपाड नव्हतं तरी उत्साह काय विचारता! मामा भिंगारहून पहिल्या एस.टी.नं आले होते, इस्त्रीचा कोट, खिशात पेन. मला म्हणाले, "पाव्हणं, मोकळं दिसताय." मी म्हणालो, "व्हय मामा."

कार्यक्रम असा होता की नव्या मशिनीवर पहिलंच काम म्हणून नव्यानं कायम झालेल्या नोकरांची यादी छापायची. ती यादी हीच ऑर्डर. चेअरमन साहेब तिच्यावर तिथंच सही करणार. नावांची कार्डं मीच छापली होती. माझं कार्ड सगळ्यात वर ठेवलं होतं. जरा मिरवायचं होतं मला, मामांसमोर, खोटं कशाला सांगू. त्याखाली किसनचं, मग बॉयलरवाल्यांची.

चेअरमन साहेबांनी भाषण केलं. "ह्या यंत्राला वशिला कळत न्हाई," म्हणाले. "ह्ये कुनाचं ऐकत न्हाई. ह्ये जे छापंल त्येच खरं. आता ह्या कारखान्यात मानसाची लबाडी बंद." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मामांनी वाजवल्या. माल मोजून देणाऱ्या माणसाला असं यंत्र आवडणारच.

प्रोग्राम आत बसला. लाल दिवा नाही. मी नावांचा गठ्ठा हातात घेतला. कामत जवळ आले आणि हसून म्हणाले, "घाला की आता तुमचा श्री. बिनधास्त घाला."

आता इतके दिवस ज्यानं त्यानं 'श्री घाल, श्री घाल' म्हणत माझी सालटी काढली होती. तेच वाक्य, तेच हसू, आणि मागं मामा उभे. माझे कान तापले. मी म्हटलं, हा माणूससुद्धा? एवढ्या लोकांत? तिथं श्री चालतो हे मला ठाऊक होतं, तो लागतोच हे नव्हतं. मी मान डोलावली, वर काहीही घातलं नाही, आणि गठ्ठा तसाच मशिनीच्या तोंडात दिला.

मशिनीनं पहिलं कार्ड न वाचता ट्रेमध्ये टाकलं आणि पुढची वाचायला घेतली.

छापण्याचं यंत्र खडखडलं. कागद बाहेर आला. चेअरमन साहेबांनी तो फाडून सगळ्यांना दाखवला, फोटो निघाला, आणि खाली झोकात सही केली. मगच कामतांनी कागद बघितला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी ट्रेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"साहेब, एकदा परत चालवू या," ते म्हणाले. "पहिलं नाव राहिलंय."

"ऱ्हायलंय?" चेअरमन साहेब वर्तमानपत्रवाल्याकडं बघत म्हणाले. "आता भाषन झालं, सही झाली. यंत्रानं न्हाई छापलं म्हंजे काय कारन असंल त्येचं. म्होरच्या हंगामात बघू."

आणि बघितलंही त्यांनी, पुढच्या हंगामात. माणूस शब्दाचा पक्का होता. पण दसरा आज होता.

कागद हातोहात फिरत मामांकडं आला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. माझं नाव वरपासून खालपर्यंत शोधलं. मग खालपासून वरपर्यंत. मी त्यांना काय सांगणार होतो? मशिनीनं माझं नाव श्री समजून टाकून दिलं, असं? मशीन खरंच विचार करते का, हा सुमनचा प्रश्न मला आठवला.

मामांचं बोट पहिल्या ओळीवर येऊन थांबलं होतं. ते बोट सावकाश एकेका रकान्यावरून पुढं सरकलं. नाव, किसन. आडनाव, त्यांनी दोनदा वाचलं आणि मान हलवली, सोयरिकीतलं होतं. गाव, राजूर. शिक्षण, मॅट्रिक. नोकरी, कायम. शेवटच्या रकान्यावर बोट थांबलं. त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या किसनकडं एकदा नीट बघितलं. किसननं मान खाली घातली.

मामा माझ्याजवळ आले. कागद माझ्यापुढं धरला आणि मोजणी पडताळून घ्यावी तशा आवाजात त्यांनी विचारलं, "पाव्हणं, ही कार्डं तुमी छापली न्हवं? हितं अविवाहित लिवलंय. ह्ये बरूबर हाय का?"

"बरूबर हाय, मामा," मी म्हणालो. "मीच तपासून छापलंय."